रक्ताच्या वाटेचा शोध : डॉ. विल्यम हार्वी यांचे चरित्र

काळीज हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. खाटकाच्या दुकानात काळीज मागितले की यकृत मिळते. आणि कोणाचे दुःख पाहून काळीज तुटले असे म्हणतो, तेव्हा आपल्या मनात हृदय असते. या दोन अवयवांची गल्लत केवळ बोलण्यातच झाली असे मात्र नाही. शरीरातील रक्त यकृतात उत्पन्न होते आणि तेथूनच ते सर्वत्र जाते, असे युरोपातील मोठमोठे वैद्य जवळजवळ चौदाशे वर्षे शिकवीत होते. ही समजूत पुराव्यानिशी खोडून काढून, हृदय आणि रक्तवाहिन्या यांचे खरे काम ज्यांनी जगाला दाखवून दिले, ते डॉ. विल्यम हार्वी. त्यांच्या शोधाची माहिती शाळेच्या पुस्तकात चार ओळींत आटोपते. परंतु त्या चार ओळींसाठी या मनुष्याने किती वर्षे वाट पाहिली आणि काय काय सोसले, हे सहसा कोणी सांगत नाही. संडे स्कूलच्या शिक्षकांना मुलांपुढे ठेवता येईल असे त्यांच्या चरित्रात पुष्कळ आहे.

बालपण आणि शिक्षण

विल्यम हार्वी यांचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील टॉमस हार्वी हे गावातील सधन आणि वजनदार गृहस्थ होते. पुढे ते गावाचे नगराध्यक्षही झाले. आईचे नाव जोन. सात भाऊ आणि दोन बहिणी अशा या मोठ्या कुटुंबात विल्यम सर्वांत थोरले. भावांपैकी पाचजण लंडनमध्ये व्यापारात शिरले. त्यांतील एलायब या धाकट्या भावाने पुढे विल्यम यांच्या पैशाअडक्याचा सर्व व्यवहार सांभाळला, आणि म्हातारपणी भावांच्याच घरी त्यांना आसरा मिळाला. या भावांचे एकमेकांवरचे प्रेम शेवटपर्यंत टिकले.

दहाव्या वर्षी विल्यमला कँटरबरी येथील किंग्ज स्कूलमध्ये घातले. तेथे लॅटिन भाषेचा पाया पक्का झाला. १५९३ साली ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले आणि १५९७ साली पदवीधर झाले. वैद्यकाच्या पुढील शिक्षणासाठी त्यांनी इटलीतील पॅड्युआचा रस्ता धरला. त्या काळी शरीररचनेच्या अभ्यासाला पॅड्युआसारखे दुसरे ठिकाण नव्हते. तेथे शवविच्छेदनासाठी लाकडी सज्जांचे एक उंच सभागृह बांधलेले होते. खाली मधोमध टेबल आणि भोवती एकावर एक सज्जे. त्यांत दाटीवाटीने उभे राहून विद्यार्थी वरून पाहत. गॅलिलिओ त्याच विद्यापीठात गणित शिकवीत होते.

हार्वी यांचे गुरू फाब्रीशियस हे नामांकित शरीरशास्त्रज्ञ होते. हातापायांतील शिरांच्या आत ठिकठिकाणी लहान लहान पडदे असतात, हे ते विद्यार्थ्यांना दाखवीत. हे पडदे म्हणजे झडपा. परंतु त्या कशासाठी आहेत, याचा उलगडा गुरुजींना झाला नव्हता. रक्त फार जोराने खाली येऊन हातपाय सुजू नयेत म्हणून त्याला थोपविण्यासाठी त्या आहेत, असे त्यांचे मत होते. गुरूने दाखविलेली वस्तू शिष्याने मनात जपून ठेवली. गुरूचा अर्थ मात्र तसाच स्वीकारला नाही. २५ एप्रिल १६०२ रोजी हार्वी यांना पॅड्युआची डॉक्टरची पदवी मिळाली आणि ते मायदेशी परतले.

जुनी शिकवण

हार्वी यांनी काय केले हे समजण्यासाठी त्या वेळची शिकवण पाहिली पाहिजे. दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात होऊन गेलेला गेलेन हा वैद्य म्हणजे वैद्यकातील शेवटचा शब्द, असे मानीत. गेलेनच्या मते खाल्लेल्या अन्नाचे यकृतात रक्त बनते. तेथून ते शिरांवाटे सर्व अवयवांकडे जाते आणि अवयव ते वापरून संपवितात. म्हणून यकृताला सतत नवे रक्त बनवावे लागते. थोडे रक्त हृदयाच्या उजव्या भागात येते आणि मधल्या जाड पडद्यातील न दिसणाऱ्या छिद्रांतून डाव्या भागात झिरपते. तेथे ते फुप्फुसांतून आलेल्या हवेशी मिसळून चैतन्यमय होते आणि रोहिणींवाटे अंगभर पसरते. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखे रक्त वाहिन्यांत पुढेमागे हलत राहते. ही मांडणी नीटनेटकी होती. अडचण एकच होती : मधल्या पडद्यातील ती छिद्रे कोणीही कधी पाहिली नव्हती.

शंका घेणारे अधूनमधून निघाले. तेराव्या शतकात कैरो येथे वैद्यकी करणारे इब्न अल-नफीस यांनी स्पष्ट लिहिले होते की, तो पडदा भरीव आहे आणि रक्त उजवीकडून फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येते. परंतु त्यांच्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष गेले ते थेट १९२४ साली. पॅड्युआतच शिकविलेले कोलंबो यांनी १५५९ सालच्या आपल्या ग्रंथात फुप्फुसांतून जाणारी ही वाट सांगितली. त्यांच्याही आधी, १५५३ साली, मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याने आपल्या एका धर्मविषयक ग्रंथात हीच गोष्ट लिहिली होती. सर्व्हेटसची त्रैक्याविषयीची मते मंडळीच्या शिकवणीला सोडून होती हे खरे. पण त्यासाठी २७ ऑक्टोबर १५५३ रोजी त्यांना जिनीव्हात जिवंत जाळण्यात आले, आणि त्या खटल्यात कॅल्व्हिन यांचाही हात होता, हेही तितकेच खरे. त्या ग्रंथाच्या अवघ्या तीन प्रती आज शिल्लक असल्याचे ज्ञात आहे. ३५० वर्षांनंतर, १९०३ साली, कॅल्व्हिन यांनाच मानणाऱ्या लोकांनी जिनीव्हात प्रायश्चित्ताचा एक दगड उभारला. आपण प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी हे पान वगळून पुढे जाऊ नये. मत चुकीचे असले तरी मनुष्य जाळून ते सुधारत नाही. आणि त्या आगीत चुकीच्या मताबरोबर एक खरे ज्ञानही जळाले.

गरिबांचा दवाखाना आणि अभ्यासाची खोली

लंडनला आल्यावर १६०४ साली हार्वी यांचा विवाह एलिझाबेथ ब्राउन यांच्याशी झाला. एलिझाबेथबाईंचे वडील राणीचे वैद्य होते. या दांपत्याला मूलबाळ झाले नाही. १६०९ साली हार्वी यांची सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयात वैद्य म्हणून नेमणूक झाली. हे रुग्णालय गोरगरिबांसाठी होते. आठवड्यातून निदान एक दिवस मोठ्या दालनात बसून, समोर येईल त्या रोग्याला तपासून औषध सांगावयाचे, असे त्यांचे काम. हे काम त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ केले. पुढे ते जेम्स राजाचे आणि नंतर पहिल्या चार्ल्स राजाचे वैद्य झाले, तरीही गरिबांच्या रुग्णालयाशी असलेला संबंध त्यांनी तोडला नाही.

रोगी पाहून झाले की उरलेला वेळ हृदयाच्या अभ्यासात जाई. हा अभ्यास सोपा नव्हता. जिवंत प्राण्याचे हृदय इतक्या झपाट्याने हलते की कधी आकसले आणि कधी फुगले हेच कळत नाही. सुरुवातीला हार्वी इतके गोंधळले की, हृदयाची गती एका देवालाच ठाऊक असावी असे त्यांना वाटू लागले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. पण देवाने जे निर्माण केले ते पाहण्यासाठी डोळेही त्यानेच दिले आहेत, आणि हार्वी पाहण्याचे थांबले नाहीत. बेडूक, साप, मासे, गोगलगायी अशा थंड रक्ताच्या प्राण्यांत हृदय सावकाश चालते, आणि मरणाऱ्या प्राण्याचे हृदय तर फारच मंद होते, हे त्यांच्या लक्षात आले. तेथे एकेक ठोका सुटा सुटा पाहता येतो.

या निरीक्षणातून पहिली गोष्ट ठरली ती अशी : हृदय हा एक स्नायू आहे. ठोक्याच्या वेळी ते आवळले जाते, घट्ट होते आणि आतले रक्त बाहेर ढकलते. आधी वरचे दोन कप्पे आवळतात, मग खालचे दोन. मनगटाला लागणारी नाडी म्हणजे त्या ढकललेल्या रक्ताचाच धक्का. सापाच्या हृदयाकडे येणारी शीर चिमटीत धरली की हृदय रिकामे होऊन फिके पडते. हृदयातून निघणारी रोहिणी धरली की ते तुडुंब भरून जांभळे होते. रक्त कोठून येते आणि कोठे जाते, हे आता उघड झाले.

एक साधा हिशेब

यानंतर हार्वी यांनी जे केले ते त्यापूर्वी कोणीच केले नव्हते. त्यांनी हिशेब मांडला. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात दोन औंसांहून अधिक रक्त मावते, हे त्यांनी प्रेतात मोजून पाहिले होते. कोणी अतिशयोक्तीचा आरोप करू नये म्हणून त्यांनी आकडा मुद्दाम कमी धरला : एका ठोक्याला फक्त अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे समजू. अर्ध्या तासात हृदयाचे हजार ठोके तरी पडतातच. म्हणजे अर्ध्या तासात ५०० औंस, आजच्या मापाने सुमारे १५ किलो रक्त बाहेर पडले. इतके रक्त तर माणसाच्या सबंध शरीरातही नसते. मग यकृताने ते कोठून आणावे? अर्ध्या तासात १५ किलो रक्त तयार व्हायला माणसाने खावे तरी किती? आणि हे सगळे रक्त अवयवांत जिरत असेल तर अंग फुटून कसे जात नाही? याला उत्तर एकच : जे रक्त बाहेर जाते, तेच परत येते. रक्त वर्तुळात फिरते.

आज आपल्याजवळ अधिक अचूक मापे आहेत आणि ती हार्वी यांच्या अंदाजापेक्षाही मोठी आहेत. विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा पडते आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर, आणि शरीरातील एकूण रक्तही साधारण तितकेच. दिवसाचे ठोके सुमारे एक लाख. दिवसभरात ढकललेले रक्त सुमारे ७,००० लिटर. दहा लिटरची एक कळशी धरली तर सातशे कळशा झाल्या. आणि हे काम करणारा अवयव वजनाने पाव-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, आपल्या मुठीएवढा.

दंडाची पट्टी आणि शिरेवरचे बोट

हिशेब पटला तरी डोळ्यांना दिसेल असा पुरावा हवा होता. तो हार्वी यांनी माणसाच्या हातावरच दाखविला. दंडाला पट्टी फार घट्ट आवळली तर मनगटाची नाडी बंद पडते आणि हात थंडगार व फिका होतो. कारण खोल असलेल्या रोहिणीतून येणारे रक्तच अडते. पट्टी जराशी सैल केली की हात लाल होतो आणि पट्टीच्या खालच्या बाजूच्या शिरा टरटरून फुगतात. याचा अर्थ, रोहिणी मोकळी झाल्याने रक्त हातात येऊ लागले. परंतु कातडीजवळच्या शिरा अजून दाबलेल्याच असल्याने त्याला परत जाता येत नाही. म्हणजेच रक्त रोहिणींवाटे खाली येते आणि शिरांवाटे वर जाते. दवाखान्यात तपासणीसाठी रक्त काढताना परिचारिका दंडाला रबरी नळी बांधते आणि शीर फुगण्याची वाट पाहते, तेव्हा ती हार्वी यांचाच प्रयोग दर वेळी पुन्हा करीत असते.

यानंतर झडपांचे कोडेही सुटले. फुगलेल्या शिरेवर जागोजागी गाठीसारखे उंचवटे दिसतात. तेथे झडपा असतात. शिरेच्या खालच्या टोकाकडे एक बोट दाबून धरावे आणि दुसऱ्या बोटाने रक्त वर, पुढच्या उंचवट्याच्या पलीकडे निपटून न्यावे. मधला भाग रिकामा होतो आणि रिकामाच राहतो. वरचे रक्त झडप ओलांडून खाली येत नाही. खालचे बोट उचलताच शीर क्षणात खालून भरते. शिक्षकांनी हा प्रयोग ठळक शिरा असलेल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या हातावर मुलांना अवश्य दाखवावा. हात थोडा वेळ खाली सोडून ठेवला की पुरते, आवळून बांधण्याची गरज नाही. गुरुजी फाब्रीशियस यांनी दाखविलेल्या झडपा रक्ताला सावकाश चालविण्यासाठी नव्हत्याच. रक्ताने मागे फिरू नये, हृदयाकडेच जावे, यासाठी त्या होत्या.

आजच्या शब्दांत ही सबंध वाट अशी : अंगभर फिरून आलेले रक्त हृदयाच्या उजव्या अलिंदात म्हणजे वरच्या कप्प्यात येते, तेथून उजव्या निलयात म्हणजे खालच्या कप्प्यात उतरते आणि फुप्फुसांकडे ढकलले जाते. तेथे ते प्राणवायू घेते व कार्बन डायऑक्साइड सोडते. मग ते डाव्या अलिंदात, तेथून डाव्या निलयात येते. डाव्या निलयाची भिंत सर्वांत जाड, कारण त्याला डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत रक्त पोहोचवायचे असते. तेथून महारोहिणी, तिच्या शाखा, केसाहूनही बारीक केशवाहिन्या, मग शिरा, आणि पुन्हा उजवे अलिंद. वाटेत हृदयातील चार झडपा रक्ताला मागे वळू देत नाहीत. छातीला कान लावला की ऐकू येणारे दोन आवाज म्हणजे याच झडपा मिटण्याचे आवाज.

ग्रंथ आणि विरोध

हार्वी यांनी लंडनच्या वैद्य महाविद्यालयात १६१६ सालापासून शरीररचनेवर व्याख्याने दिली. परंतु आपला शोध ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्याची घाई त्यांनी केली नाही. वर्षानुवर्षे ते प्रयोग पुन्हा पुन्हा करून सहकाऱ्यांना दाखवीत राहिले. अखेर १६२८ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे त्यांचा लॅटिन ग्रंथ छापून निघाला. अवघी ७२ पाने, कागद हलका, आणि छपाईच्या चुका भरपूर. वैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक असा साध्या वेषात जगापुढे आला.

स्वागत मात्र थंडच झाले. काहींनी त्यांना वेड्यात काढले. त्यांच्याकडे येणाऱ्या रोग्यांची संख्या घटली, असे त्यांना ओळखणाऱ्या समकालीनाने नमूद केले आहे. १६३० साली जेम्स प्रिमरोझ या वैद्याने त्यांच्या विरोधात पुस्तक लिहिले. पॅरिसचे प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ रिओलाँ यांनीही त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. १६३६ साली राजाच्या वकिलाबरोबर जर्मनीत गेले असता हार्वी मुद्दाम हॉफमान नावाच्या एका विरोधी प्राध्यापकाला भेटले आणि त्यांच्यासमोर प्रयोग करून दाखविला. तरीही त्या गृहस्थांचे मत पालटले नाही. हार्वी यांनी कोणाची निंदा केली नाही. विरोधकांना त्यांनी छापील उत्तर दिले ते १६४९ साली, म्हणजे ग्रंथ निघून २१ वर्षे झाल्यावर, आणि तेही नव्या प्रयोगांच्या आधारे. ज्यांना पाहावयाचे होते त्यांनी पाहिले; हळूहळू तरुण वैद्य त्यांच्या बाजूला आले.

हार्वी सर्वज्ञ होते असे मात्र नाही. रोग्याच्या अंगातून रक्त काढण्याचा जुना उपचार चुकीचा आहे, असे त्यांनाही वाटले नाही, आणि तो पुढे दीर्घकाळ चालू राहिला. रक्त फिरते कशासाठी, हेही त्या काळी कळणे शक्य नव्हते, कारण प्राणवायूचाच शोध लागला नव्हता. रोहिणीतून शिरेत रक्त नेमके कोणत्या वाटेने जाते, हे त्यांना अखेरपर्यंत दिसले नाही. वाट असलीच पाहिजे, एवढे त्यांच्या पुराव्याने सिद्ध होत होते.

राजाचा वैद्य

१६३४ साली लँकशर परगण्यातील काही स्त्रियांना चेटकिणी ठरवून दोषी धरले होते. मुख्य साक्षीदार होता एक लहान मुलगा. त्यांपैकी चौघींना लंडनला आणून तपासण्याचे काम राजाने हार्वी यांच्यावर सोपविले. शस्त्रवैद्य आणि सुइणी यांच्या साहाय्याने तपासणी झाली. सैतानाची म्हणावी अशी एकही खूण सापडली नाही, असा अहवाल गेला. पुढे त्या मुलानेही आपली गोष्ट बनावट असल्याचे कबूल केले. त्या स्त्रियांना फाशी झाली नाही. ज्या काळात अफवेवरून गरीब बायांचे बळी जात होते, त्या काळात डोळ्यांनी पाहून खरे सांगणारा वैद्य किती मोलाचा, हे यावरून कळते. आपल्याकडेही चेटकीण, भुताळीण म्हणून बायांना छळण्याचे प्रकार घडत आले आहेत. त्या दृष्टीने ही हकिगत आपल्या मंडळ्यांत सांगण्याजोगी आहे.

दुसरी हकिगत माँटगोमेरी नावाच्या आयरिश सरदारपुत्राची. लहानपणी पडून त्याच्या डाव्या बरगड्या मोडल्या. जखम चिघळली आणि बरी होताना छातीत एक भोक कायमचे राहून गेले. तरी तो तरुण धडधाकट होता. राजाने हार्वी यांना त्याच्याकडे पाठविले. त्या भोकातून बोटे घालून पाहता आत हलणारा भाग म्हणजे प्रत्यक्ष हृदयच आहे, हे हार्वी यांनी ओळखले. त्यांनी त्या तरुणाला राजाकडे नेले. राजानेही हृदयाला हात लावला. त्या तरुणाला तो स्पर्श जाणवलाच नाही. ज्या हृदयाला आपण सगळ्या भावनांचे घर म्हणतो, त्या हृदयाला बोटाचा स्पर्श कळत नाही, याचे हार्वी यांना मोठे नवल वाटले.

युद्ध आणि हानी

१६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. हार्वी तेव्हा ६४ वर्षांचे होते. ते राजाबरोबर गेले. एजहिलच्या लढाईत बारा आणि नऊ वर्षांच्या दोन राजपुत्रांना त्यांच्या स्वाधीन केले होते. मुलांना कुंपणाच्या आडोशाला घेऊन ते पुस्तक वाचीत बसले असता तोफेचा गोळा जवळच येऊन पडला, तेव्हा ते जागा बदलून बसले, अशी आठवण सांगतात.

त्याच सुमारास लंडनमधील त्यांच्या राहत्या जागेत सैनिक शिरले आणि त्यांनी सामान लुटले. सामानाबरोबर त्यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासाची टिपणेही गेली. कीटकांच्या उत्पत्तीविषयी लिहिलेले सर्व काही त्यात होते. आपल्यावर आलेल्या सर्व संकटांत हे नुकसान सर्वांत जिव्हारी लागल्याचे त्यांनी म्हटले आहे. ती टिपणे पुन्हा कधीच मिळाली नाहीत. रुग्णालयातील जागाही गेली. राजाच्या छावणीबरोबर ऑक्सफर्डला असताना ते एका मित्राच्या खोलीत कोंबडीने उबविलेली अंडी रोज एक याप्रमाणे फोडून पिलू कसे घडते ते पाहत बसत. बाहेर युद्ध चालू होते आणि आत हा वृद्ध मनुष्य एका ठिपक्याएवढ्या हृदयाचे पहिले स्पंदन न्याहाळीत होता. १६४९ च्या जानेवारीत त्यांच्या राजाचा शिरच्छेद झाला. पत्नीही त्यांच्या आधीच गेली. संधिवाताने पाय दुखत, रात्री झोप येत नसे. अशा अवस्थेत, मित्रांच्या आग्रहावरून, १६५१ साली त्यांनी प्राण्यांच्या उत्पत्तीवरील आपला दुसरा मोठा ग्रंथ प्रसिद्ध होऊ दिला.

अखेर

लंडनच्या वैद्य महाविद्यालयाला त्यांनी स्वतःच्या खर्चाने ग्रंथालयाची इमारत बांधून दिली आणि आपली पुस्तके दिली. १६५४ साली अध्यक्षपद देऊ केले असता वयाचे कारण सांगून त्यांनी ते नम्रपणे नाकारले. दोनच वर्षांनी केंटमधील आपली वडिलोपार्जित जमीन त्यांनी महाविद्यालयाला दान केली. अट अशी : दरवर्षी एक व्याख्यान व्हावे, त्यात सभासदांना प्रयोग करून निसर्गाची गुपिते शोधण्याचा उपदेश करावा, आणि आपसांत प्रेमाने व सलोख्याने राहण्याचीही आठवण द्यावी. १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीत ते ग्रंथालय जळून गेले. ते व्याख्यान मात्र आजही होते.

आपल्या मृत्युपत्राच्या आरंभी हार्वी यांनी आपला आत्मा तो देणाऱ्या देवाच्या आणि प्रभू येशू ख्रिस्ताच्या हाती सोपविला आहे. ३ जून १६५७ रोजी सकाळी त्यांची वाचा बंद झाली. अर्धांगाचा झटका आला आहे हे त्यांनी ओळखले, नातलगांना जवळ बोलावून खुणेनेच त्यांचा निरोप घेतला आणि त्याच दिवशी प्राण सोडला. त्यांचे वय ७९ वर्षांचे होते. एसेक्स परगण्यातील हेम्पस्टेड या खेड्यातील चर्चमध्ये त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यानंतर चारच वर्षांनी, १६६१ साली, इटलीतील मालपिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून त्या बारीक केशवाहिन्या पाहिल्या. हार्वी यांनी सांगितलेली न दिसणारी वाट अखेर दिसली. पुढे १७३३ साली टेडिंग्टनचे पाळक स्टीव्हन हेल्स यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. घोडीच्या रोहिणीला काचेची उभी नळी जोडली असता रक्त तीत ८ फूट ३ इंच चढले होते. रक्तदाब प्रथम मोजला तो असा, एका धर्मोपदेशकाने. आज रक्तदान, रक्तदाबाची पट्टी, हृदयाच्या शस्त्रक्रिया, शिरेतून दिलेले सलाइन हे सर्व त्याच फिरत्या वाटेच्या भरवशावर चालते.

गेलेनची न दिसणारी छिद्रे आणि हार्वी यांची न दिसणारी वाट, दोन्ही डोळ्यांआड होत्या. पहिलीवर लोकांनी चौदाशे वर्षे केवळ थोराने सांगितले म्हणून विश्वास ठेवला. दुसरीकडे हार्वी मोजून, तपासून, पुराव्याच्या बळावर गेले, आणि जेथे नजर पोहोचली नाही तेथे थांबून पुढच्या माणसाची वाट पाहिली. आपल्या मुलांनी प्रश्न विचारले तर त्यांना गप्प करू नये. त्यांचे बोट त्यांच्याच मनगटावर ठेवावे आणि मोजावयास सांगावे.